गोव्यात समर डे कॅम्पला काउन्सिलर म्हणून पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

मार्च उजाडला की कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज फिरायला लागतात, समर कॅम्पसाठी काउन्सिलर, म्हणजे लहान मुलांचा गट सांभाळणारे ताई-दादा हवेत, लहान मुलांची आवड असावी. बस एवढंच. आता आवड काय सगळ्यांनाच असते, सकाळी साडेनऊपर्यंत. साडेनऊनंतर एक रडत असतो, दोघांना एकाच वेळी बाथरूमला जायचं असतं, एकाची चप्पल झाडावर गेलेली असते नि तुम्हाला कोणी सांगितलेलंच नसतं की अशा वेळी काय करायचं. मी फोंडा-पणजीकडच्या कॅम्पांवर काही उन्हाळे काम केलंय, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. हे सगळं डे कॅम्पबद्दल आहे, म्हणजे मुलं सकाळी येतात नि दुपारी नाहीतर संध्याकाळी घरी जातात तो. मुक्कामाच्या शिबिराचं गणित वेगळं.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल. नवीन माणूस सगळी तयारी अ‍ॅक्टिव्हिटीची करतो, ओरिगामी काय, गाणी काय, खेळ काय. अ‍ॅक्टिव्हिटी चालू असताना सहसा काही होत नाही हो, मुलं गुंतलेली असतात. जे काही होतं ते एक अ‍ॅक्टिव्हिटी संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या दहा मिनिटांत होतं. नळावर, बाथरूमच्या वाटेवर, गेटवर. तुमचं खरं काम तिथे आहे.

१. कुठला कॅम्प ते आधी बघा

गोव्यात कॅम्प एप्रिल-मेमध्ये होतात, पण २०२५ पासून सहावी ते दहावी नि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागले, त्यामुळे एप्रिलच्या कॅम्पला बहुतेक लहानच मुलं मिळतात नि मोठी मुलं हवी असतील तर मे. हे लक्षात ठेवा, कारण पाच वर्षांच्या मुलाला सांभाळणं नि बारा वर्षांच्या मुलाला सांभाळणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

प्रकार साधारण असे. सरकारी नि निमसरकारी, म्हणजे कांपालचं बालभवन, कला अकादमी, मडगाव-साखळी-कुडचड्याची रवींद्र भवनं, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, अशा ठिकाणी नाट्य, चित्रकला, गायन असले वर्ग-शिबिरं असतात आणि तिथे शिकवणारे ठरलेले असतात, तुम्हाला मदतनीस म्हणून जागा मिळू शकते. खेळांसाठी गोव्याच्या स्पोर्ट्स ऑथॉरिटीची कोचिंग शिबिरं. मग पर्वरी, पणजी, मडगाव, म्हापसा इकडचे खासगी कॅम्प, यांची फी जास्त, पालकांच्या अपेक्षाही जास्त नि रोज फोटो पाठवायचा तगादा. नि चौथा प्रकार माझा आवडता, गावातलं वाचनालय, क्लब नाहीतर देवस्थान समिती मिळून करते तो आठवड्याभराचा कॅम्प. पैसे नसतातच म्हणा, पण मुलं एकमेकांना नि तुम्हाला ओळखत असतात, शिकायला हेच बरं.

जाहिरात पेपरात येते, गोमन्तक, तरुण भारत, नवप्रभा, लोकमत यांच्या स्थानिक पानांवर, पण ती पालकांसाठी असते, काउन्सिलरसाठी नव्हे. तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटी सरळ फोन करून विचारा. एप्रिलमध्ये विचारलंत तर जागा तेवढ्याच उरतात ज्या कोणी घेतल्या नाहीत, का घेतल्या नाहीत ते नंतर कळतं.

फोनवर हे प्रश्न न लाजता विचारा:

- माझ्याकडे किती मुलं नि कुठल्या वयाची?
- माझ्याबरोबर दुसरं मोठं माणूस कोण?
- मुली-मुलांचे बाथरूम वेगळे नि बंद होणारे आहेत का?
- फर्स्ट एड कुणाकडे, नि गरज पडली तर गाडी कुणाची?
- मुलांना बाहेर कुठे नेणार आहात का, विशेषतः पाण्याजवळ?

मुलांच्या संख्येसाठी एक माप हाताशी ठेवा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं डे कॅम्पसाठीचं प्रमाण असं आहे: ४-५ वर्षांची ६ मुलं, ६ ते ८ वर्षांची ८ मुलं, ९ ते १४ वर्षांची १० मुलं, यांच्यामागे एक माणूस. आपल्याकडे हे कोणी पाळलंच पाहिजे असं नाही, नि बहुतेक ठिकाणी पाळतही नाहीत, पण समोरचा म्हणाला की पंचवीस बालवाडीची मुलं तुम्ही एकट्याने बघा, तर नाही म्हणायला तुमच्याकडे काहीतरी आधार हवा की नको. अठरा पूर्ण नसतील तर काउन्सिलर म्हणून जबाबदारी घेऊच नका, मदतीला जा, हरकत नाही.

२. कागदपत्रं

- आधार, पॅन, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- पासपोर्ट साइझ फोटो, चार तरी
- शेवटच्या परीक्षेची मार्कशीट किंवा कॉलेजचं आयकार्ड
- पोलिसांकडचं कॅरॅक्टर सर्टिफिकेट, म्हणजे व्हेरिफिकेशन
- डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट
- फर्स्ट एडचा कोर्स केला असेल तर ते सर्टिफिकेट, रेड क्रॉस नाहीतर सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं असलं तर उत्तम
- ओळखीच्या शिक्षकाचं शिफारस पत्र

यातलं पोलिसांचं काम सगळ्यात वेळ खातं, म्हणून ते पहिलं करा. बरेच कॅम्प मागतच नाहीत हे, तरी काढून ठेवा. मी तर म्हणते जो कॅम्प मागतो तो जरा बरा समजायचा, मुलांजवळ कोण येतंय याची त्याला काळजी आहे.

३. पैसे नि तास लिहून घ्या

व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं तरी चालेल, पण लिहून घ्या. रोजचे की एकदम, कधी देणार, जेवण-पेट्रोल त्यात की वेगळं, नि मुख्य म्हणजे वेळ. कॅम्प नऊ ते एक असला तर तुमची वेळ आठ ते दोन असते, हे कोणी सांगत नाही. "तुला एक्स्पोजर मिळेल" असं म्हणणाऱ्याला हसून विचारायचं, पेट्रोल कुणाचं?

डिपॉझिट मागितलं, ट्रेनिंग फी मागितली, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले, तर तिथून निघायचं.

४. आदल्या दिवशी जागा बघून या

हे कोणीच करत नाही. कॅम्पच्या वेळेला जा, म्हणजे सकाळी दहा-अकराला, कारण सावली कुठे पडते ते तेव्हाच कळतं. संध्याकाळी सुंदर दिसणारं मैदान अकरा वाजता तापलेला तवा असतो.

बघायचं काय? विहीर आहे का नि तिला जाळी आहे का. कंपाउंड कुठे फुटलंय. माडाखाली मुलांना बसवायची जागा काढलीय का, असली तर हलवा, नारळ नाहीतर झावळ कधी पडेल सांगता येत नाही. काजूची झाडं असतील तर जमिनीवर पडलेल्या बिया मुलं हमखास उचलणार, कच्च्या बीच्या सालीतलं तेल अंगाला लागलं की कातडी भाजते, फोड येतात, आणि मुलं ती दाताने फोडायला बघतात. पहिल्या दिवशीच सांगून टाकायचं, बोंडू (काजूचं फळ) खा, बी तोंडात नाही. चिऱ्याच्या भिंतीच्या फटी, पालापाचोळ्याचे ढीग, लाकडं रचलेली जागा, इथे साप असू शकतो तर तो कोपरा मुलांसाठी बंद. आसपास भटके कुत्रे बसतात का ते पण बघा.

नंतर ऑफिसात बसून मुलांचे फॉर्म वाचा. सगळे. अ‍ॅलर्जी, दमा, फिट्स, चालू औषध, पालकांचे दोन फोन नंबर, नि घ्यायला कोण येणार त्यांची नावं. यातलं काही फॉर्मवर नसेलच तर त्याच दिवशी फोन करून विचारा नि एका छोट्या वहीत उतरवून घ्या, मोबाईलमध्ये नको, मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

बॅगेत काय ठेवायचं: ती वही, पेन दोन, शिट्टी, मुलांची यादी, टोपी, स्वतःची पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, बँडेज, गॉज, साबण, टिश्यू, प्लास्टिकच्या पिशव्या (उलटीसाठी, ओल्या कपड्यांसाठी, कशालाही), जादा हाफपँट नि टी-शर्ट, रबरबँड, खडू. खडू विसरू नका. खडूने जमिनीवर एक रेघ मारली की अर्धी शिस्त आपोआप येते.

५. पहिली सकाळ

मुलं यायच्या आधी अर्धा तास पोचा. गेटवर उभं राहून प्रत्येक मुलाचं नाव त्यालाच विचारायचं, आईला नव्हे, नि घरी काय हाक मारतात तेही. छातीवर नावाची चिठ्ठी लावा, पण कॅम्पच्या बाहेर जायच्या दिवशी ती काढायची, अनोळखी माणसाने मुलाला नावाने हाक मारलेली बरी नव्हे.

रडणारं मूल असणारच. त्याच्यापेक्षा अवघड असते खिडकीतून वाकून बघणारी आई. तिला गोड बोलून पण खंबीरपणे गेटच्या बाहेर काढा, "काकी, तुम्ही दिसलात की तो परत सुरू होईल, मी अर्ध्या तासाने फोटो पाठवते." नि खरंच पाठवा. रडणाऱ्याला सगळ्यांसमोर "रडू नको हां, बघ सगळे कसे खेळतायत" असलं काही म्हणू नका, त्याच्या हातात एखादं काम द्या. क्रेयॉन वाट, चटई धर, माझी शिट्टी सांभाळ. शिट्टी सांभाळायला दिलेला मुलगा रडताना मी अजून बघितला नाही. वाजवतो मात्र.

भाषेचं म्हणाल तर गोव्यात एका गटात मराठी शाळेतली, इंग्लिश मीडियमची, घरी कोंकणी बोलणारी, घरी हिंदी नाहीतर कन्नड बोलणारी अशी सगळी एकत्र येतात. तुम्ही ताई असा की दादा, अर्धी मुलं तुम्हाला टीचरच म्हणणार. "टीचर, हांव उदक पिऊंक वचूं?" (मी पाणी प्यायला जाऊ?) नि त्याच्या मागोमाग "टीचर कॅन आय गो टू टॉयलेट?" सूचना दोन भाषांत द्या नि हाताने करून दाखवा, चार शब्दांच्या वर जाऊ नका. कोणाच्या भाषेला कोणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवायचं.

नियम तीनच सांगा, पहिल्या दिवशी दहा सांगितले की एकही राहत नाही. शिट्टी वाजली की पुतळा. न सांगता कुठे जायचं नाही. कोणाला मारायचं नाही. झालं.

६. मोजा, परत मोजा

हा सगळ्यात मोठा भाग आहे, कंटाळा करू नका.

नुसती डोकी मोजून भागत नाही. अठरा हवेत नि अठरा भरले, पण त्यात शेजारच्या गटातला एक घुसलाय नि तुमचा एक तिकडे नळावर आहे, तर आकडा बरोबर नि मूल गायब. म्हणून दिवसातून निदान तीन वेळा नावाने हजेरी घ्यायची, आल्यावर, खाऊच्या सुट्टीनंतर, घरी जायच्या आधी, नि मधे प्रत्येक वेळी जागा बदलली की डोकी. हॉलमधून मैदानात, मोजा. मैदानातून नळावर, मोजा. मोजताना बोट दाखवत ओरडून मोजायची गरज नाही, मुलांना जोड्यांनी उभं करायचं नि जोड्या मोजायच्या, अर्ध्या वेळात होतं.

जोडीचा अजून एक फायदा. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून द्या नि सांगा, तुझा जोडीदार दिसला नाही तर लगेच मला येऊन सांगायचं, चहाडी धरली जाणार नाही. तुमच्या आधी मुलांनाच कळतं कोण नाही ते.

आता नळाचं दृश्य बघा. पेंटिंग संपलं, पंधरा मुलांचे हात निळे-लाल, नळ एक. पुढे धक्काबुक्की, मागे रेंगाळणारे दोघे, ते हळूच मागच्या बाजूला आंब्याखाली कैऱ्या शोधायला सटकणार. तुम्ही जर नळाजवळ उभे राहून हात धुवून देत बसलात तर तुमची पाठ त्या दोघांकडे असते. तर उभं कुठे राहायचं? रांगेच्या शेपटाला. तोंड सगळ्यांकडे करून. नळावर एका मोठ्या मुलीला नाहीतर मुलाला "नळमंत्री" करा, तो पाणी सोडतो नि बंद करतो, तुम्ही मागून बघता. किंवा त्याहून सोपं, दोन बादल्या आधीच भरून ठेवा नि चार-चार जणांनाच उठवा, बाकीचे बसून गाणं म्हणतात.

कुठेही उभं राहताना हाच नियम, पाठीमागे भिंत, पुढे सगळी मुलं. काउन्सिलर-काउन्सिलर गप्पा मारताना एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले की समजायचं, मुलांकडे कोणीच बघत नाहीये.

बाथरूमला मुलं एकटी पाठवायची नाहीत, दोघं-तिघं मिळून, नि तुम्ही दाराच्या बाहेर, दिसेल अशा जागी. आत जाऊन मदत करायची वेळ आलीच, म्हणजे पाच वर्षांचं मूल नि पँटचं बटण, तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून, दार उघडं ठेवून.

आणि मूल खरंच दिसलं नाही तर? पाच मिनिटं स्वतःच शोधत बसू नका. लगेच शिट्टी, सगळी मुलं खाली बसवायची, एक जण त्यांच्याकडे, एक गेटवर, बाकीचे आधी पाण्याच्या जागा बघतात, विहीर, टाकी, व्हाळ (ओढा). बाथरूम नि लपायच्या जागा नंतर. प्रमुखाला पहिल्याच मिनिटाला कळवायचं. ओशाळं वाटतं, वाटू दे.

७. अ‍ॅक्टिव्हिटी

पळापळीचं सगळं साडेदहाच्या आत संपवा. खो-खो, लंगडी, लगोरी सकाळी, मग सावलीतलं काम, मग शेवटी गोष्ट नाहीतर गाणी. लहान मुलांना एका गोष्टीत पंधरा-वीस मिनिटांच्या वर धरून ठेवता येत नाही, म्हणून तासाला तीन गोष्टी तयार ठेवायच्या नि चौथी खिशात. प्रोजेक्टर, म्युझिक सिस्टीम यांच्यावर दिवस अवलंबून ठेवू नका, मे महिन्यात लाईट कधी जाईल काय भरवसा. मेच्या शेवटी अवकाळी सर पण येते, मैदानावरचे सगळे एकदम हॉलमध्ये आले तर बसून खेळायचं काय, ते आधी ठरवा. विजा चमकायला लागल्या तर झाडाखाली थांबायचं नाही, आत.

आऊट झालेल्या मुलांचं काय हा प्रश्न प्रत्येक खेळाच्या आधी स्वतःला विचारा. आऊट होऊन बाजूला बसलेली सात मुलं म्हणजे मघाशी म्हटलं तो मधला वेळच. त्यांना पंच करा, गुण लिहायला सांगा.

८. ऊन, पाणी, डबा

गोव्याच्या उन्हाचा आकडा बघून फसायला होतं. पारा ३३-३४ दाखवतो, पण हवेत दमट एवढं की घाम वाळतच नाही, नि घाम वाळला नाही तर अंग थंड कसं होणार. मुलांनी पाणी मागायची वाट बघायची नाही, दर अर्ध्या तासाला शिट्टी नि सगळ्यांनी चार घोट. खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही. कोकम सरबत, लिंबू सरबत, शहाळं चांगलं. थंडगार कोल्ड्रिंक नको.

ओआरएस कसं करायचं ते पाकिटावर वाचा, मोठं पाकीट १ लिटर पाण्यात अख्खं टाकायचं असतं, अर्ध्या ग्लासात चिमूटभर असं नाही. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर नि सपाट अर्धा चमचा मीठ. दुकानातलं टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

मूल लालबुंद झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळलं, तर सावली, पंखा, ओला कपडा, घोट-घोट पाणी. असंबद्ध बोलायला लागलं, झोपाळलं, अंग तापलं तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन नि तोवर अंगावर पाणी ओतत राहा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही.

मेमध्ये नाकातून रक्त येणं फार कॉमन. लगेच कोणीतरी मान मागे कर म्हणतं, कोणी कांदा आणतं. दोन्ही नको. मुलाला बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं सलग दाबा, मधेमधे सोडून बघू नका. फिट आली तर चप्पल हुंगवणे, दातात चमचा घालणे असले प्रकार कोणाला करू देऊ नका, मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, वेळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८, नि पहिलीच फिट असेल तर पाच मिनिटंही न बघता. कुत्र्याचा दात किंवा नुसता ओरखडा लागला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं नि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शनचं विचारायचं. पालकांना फोन प्रत्येक वेळी, लहान खरचटलं तरी. संध्याकाळी आंघोळीला कळण्यापेक्षा दुपारी तुमच्याकडून कळलेलं बरं.

डब्याचा नियम सोपा, वाटून खायचं नाही. ऐकायला वाईट वाटतं, आपल्याकडे वाटून खा असं शिकवतात, पण एक तर अ‍ॅलर्जी (काजू, शेंगदाणे, कोलंबी, गोव्याच्या डब्यात तिन्ही असतात), नि दुसरं म्हणजे एकाच चटईवर चोरीस पाव (डुकराच्या मांसाचं सॉसेज घातलेला), सुंगटाची किसमूर (सुक्या कोलंबीची कोशिंबीर), नि सोमवार म्हणून शिवराक, म्हणजे शाकाहारी, आलेला डबा असे तिघे शेजारी बसलेले असतात. कोणाच्या डब्याला कोणी नाक मुरडायचं नाही, एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी बोलून ठेवा. नि कोणाचा डबा रोज झाकणापुरता उघडून बंद होतो तिकडे लक्ष ठेवा. एका कॅम्पला एक मुलगी रोज डबा उघडायची, बघायची नि लावून टाकायची, भूक नाही म्हणायची. लाजत होती, सगळ्यांकडे पोळी-भाजी, सँडविच नि तिच्याकडे रोज सुका पाव. आम्ही दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनाच कॅम्पतर्फे केळं नि उसळ सुरू केली, कोणाला काही सांगितलं नाही.

९. भांडणं नि शिस्त

मारायचं नाही, उन्हात उभं करायचं नाही, उठाबशा नाहीत, बाथरूम नि पाणी अडवायचं नाही, सगळ्यांसमोर लाज काढायची नाही. यावर चर्चा नाही. मारामारी झाली तर दोघांना वेगळं करा, पाणी द्या, मग एकेकाचं ऐका, दुसरा ऐकत नसेल अशा पण लोकांना दिसेल अशा जागी. दंगा करणारा मुलगा बहुतेक वेळा कंटाळलेला असतो, त्याला काम द्या. गप्प असणारा जास्त बघा.

१०. हात लावणं, फोटो, नि कायदा

मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, कधीच. मांडीवर घेणं, गालगुच्चे, गुदगुल्या, नाही. मूल स्वतः येऊन बिलगलं तर बाजूने खांद्यावर हात ठेवा. गाडीवरून एकट्या मुलाला घरी सोडायला जाऊ नका, कितीही जवळ असलं तरी. मुलांना तुमचा इन्स्टा द्यायचा नाही, पर्सनल मेसेज नाही. फोटो कॅम्पने पालकांची लेखी परवानगी घेतली असेल तरच, नि स्वतःच्या स्टेटसला तर अजिबात नाही.

मुलाने जर कधी तुम्हाला काही सांगितलं, घरचं, शेजारचं, कॅम्पमधलंच, अंगाला हात लावल्याचं, तर शांतपणे ऐका, खोदून खोदून विचारू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. गोव्यात वर २००३ चा स्वतंत्र बाल कायदा आहे नि वेगळं बाल न्यायालयसुद्धा आहे. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलिस ११२, दोन्ही वहीच्या पहिल्या पानावर. कॅम्पचा प्रमुख "आपण आपसात मिटवू" म्हणाला तरी तुमची जबाबदारी संपत नाही. मुलाने काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत लिहून तारीख टाका.

११. बाहेर नेताना

लेखी परवानगीशिवाय कोणाला नाही. माझ्या मते डे कॅम्पसाठी मिरामारचं सायन्स सेंटर सगळ्यात सोयीचं, आत सावली, बाथरूम, एक गेट. रेईश मागूशचा किल्ला छान पण चढ आहे, सकाळी लवकरच. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात न्यायचं तर रायबंदरहून फेरी, नि मुलांना खरी मजा पक्ष्यांपेक्षा फेरीचीच येते. फेरीत चढताना जोड्या मोजा, चढल्यावर मोजा, उतरल्यावर मोजा. गाड्या चढून झाल्याशिवाय मुलं आत नाहीत, उतरताना गाड्या आधी जाऊ द्या. रॅम्पच्या साखळीजवळ कोणी नाही, कठड्यावर कोणी चढायचं नाही, सगळी मधे.

समुद्र? मी तर टाळायलाच सांगते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दर्या खवळायला लागतो. न्यावंच लागलं तर लाईफगार्ड असलेलाच किनारा, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, लाल झेंडा असला तर पाय पण भिजवायचे नाहीत. पोहोचल्याबरोबर लाईफगार्डला जाऊन सांगा किती मुलं आहेत. घोट्याइतकं पाणी ही मर्यादा, तुम्ही मुलांच्या नि समुद्राच्या मधे उभे, तोंड मुलांकडे असलं तरी लाटेकडे कान. फोनवर बोलणारा काउन्सिलर तिथे नकोच. नदी, धबधब्याची कोंड (खोल डोह), खाणीचे भरलेले खड्डे, इकडे मुलं न्यायचीच नाहीत, कोणी कितीही ओळखीची जागा आहे म्हणाला तरी.

१२. सुट्टीची वेळ

एक वाजला. गेटवर स्कूटर, गाड्या, आज्या, छत्र्या, सगळे एकदम. मुलं घरचं माणूस दिसलं की धावत सुटतात. तर मुलं आत बसलेली, तुम्ही नाव घेता, माणूस यादीत बघता, सही घेता, मगच मूल उठतं. दोन मिनिटं उशीर होतो म्हणून लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

सगळ्यात अवघड प्रसंग असा: स्कूटरवरून एक गृहस्थ येतात, "मी मामा, तिच्या आईने पाठवलंय", मुलगी पण "मामा!" म्हणून उडी मारते, नि यादीत मामा नाही. सोडायचं नाही. नम्रपणे, "मामा, दोन मिनिटं बसा, ताईंना फोन लावते," नि फोन फॉर्मवरच्या नंबरला लावायचा, मामाने दिलेल्या नंबरला नव्हे. बहुतेक वेळा मामा खरा मामाच असतो नि थोडा रागावतो. आईवडील वेगळे राहत असतील तर फॉर्मवर काय लिहिलंय तेच बघायचं, तुमचं मत बाजूला. दारू प्यायलेला माणूस घ्यायला आला तर मूल देऊ नका, प्रमुखाला बोलवा, दुसऱ्या पालकाला फोन.

शेवटचं मूल जाईपर्यंत दोन मोठी माणसं थांबतात. उशिरा येणाऱ्या पालकांबद्दल मुलासमोर काही बोलायचं नाही.

१३. शेवटचा दिवस

पालकांसाठी कार्यक्रम असतो, त्याच्या तालमीत आधीचे तीन दिवस घालवू नका, मुलं वैतागतात. प्रत्येक मूल एकदा तरी स्टेजवर दिसलं म्हणजे पुरे. त्या दिवशी हॉलमध्ये बाहेरचे लोक भरपूर असतात, हजेरी नि सही त्या दिवशी दुप्पट कडक.

औषधं, डबे, टोप्या, ज्याची त्याला. मुलांच्या फॉर्मची जी नोंद तुमच्या वहीत आहे ती पानं फाडून प्रमुखाकडे द्या, घरी नेऊ नका. नि तुमचं सर्टिफिकेट त्याच दिवशी मागा, त्यावर कॅम्पच्या तारखा, मुलांचा वयोगट नि रोजचे तास लिहिलेले हवेत, नुसतं "सक्रिय सहभाग" नको, पुढच्या वेळी ते काही कामाचं नसतं. पैसे राहिले असतील तर तारीख व्हॉट्सॲपवर लिहून घ्या नि जून लागायच्या आत वसूल करा, एकदा पाऊस सुरू झाला की कॅम्पवाल्यांचा फोन सहसा लागत नाही.